न बनणाऱ्या वस्तूंची चित्रंही मुलांना काढू द्या



आज एका लाल फुलीबद्दल लिहायचं आहे. ती फुली मीच मारली होती.

पाचवीचा वर्ग. गणितातला त्रिमितीय वस्तू आणि घडणींचा भाग चालू होता. टेबलावर काडेपेटी, साबणाचा खोका आणि खडूचा खोका ठेवून मी मुलांना सांगितलं, "यातली एक वस्तू वहीत काढा." संध्याकाळी वह्या तपासायला घेतल्या. बहुतेकांनी मी फळ्यावर काढलेला खोकाच उतरवून काढला होता. मी भराभर बरोबरच्या खुणा करत गेले. एका वहीत खोक्याच्या शेजारी, समासाला लागून, एक वेगळीच आकृती होती. तीन जाड पट्ट्या एकमेकींना जोडून केलेला त्रिकोण. पट्टीने आखलेला, एका बाजूला पेन्सिलीने गडद केलेला. नीट बघितलं तर डोळेच फिरले. एक पट्टी पुढून निघते आणि मागे जाऊन मिळते. मी लाल पेनाने फुली मारली आणि खाली लिहिलं, 'आकृती चुकीची'.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा वही घेऊन टेबलाजवळ आला. मागच्या बाकावरचा, लेखी गणितात रेंगाळणारा, फारसा न बोलणारा.

"बाई, कुठं चुकलंय?"

"अरे, अशी वस्तू असते का कुठे? ही पट्टी पुढे आहे की मागे?"

"ते नाही माहीत. पण कोपरा बघा ना बाई. हा कोपरा बरोबर आहे. हा पण बरोबर आहे. आणि हा पण."

मी तळहाताने दोन कोपरे झाकले आणि तिसरा बघितला. खरंच बरोबर होता. दोन जाड पट्ट्या काटकोनात जुळल्या की जशा दिसतील, तंतोतंत तसाच. मग दुसरा बघितला, मग तिसरा. एकाही कोपऱ्यात चूक सापडली नाही. चूक होती ती तिन्ही कोपरे एकत्र येण्यात. ही आकृती त्याने मोठ्या भावाच्या मोबाइलवर पाहिली होती आणि जमेपर्यंत चार पानं खराब केली होती.

मला वाईट कशाचं वाटलं ते सांगते. माझा खोका न समजता उतरवून काढणाऱ्यांना मी बरोबर दिलं होतं. ज्याने एक अवघड आकृती प्रत्येक रेषेचा विचार करून काढली, त्याला मी फुली दिली होती. तेव्हापासून माझं एक मत बनत गेलं. मुलांना खऱ्या वस्तू नेमक्या काढायला शिकवायच्या असतील, तर कधीच बनू न शकणाऱ्या वस्तूसुद्धा त्यांना काढू द्यायला हव्यात. हा वेळेचा अपव्यय नाही, हा रेखाटनाच्या शिक्षणाचाच भाग आहे.

ही आकृती आहे तरी काय?

या आकृतीचा इतिहास शोधला तेव्हा पहिलीच गोष्ट वाचून मी वरमले. १९३४ साली स्वीडनमधल्या ऑस्कर रॉयटर्सवार्ड नावाच्या विद्यार्थ्याने अशी आकृती प्रथम काढली. कुठे काढली? लॅटिनच्या तासाला, चाळा म्हणून! नऊ घन त्रिकोणात मांडलेले, आणि ते असे की खऱ्या जगात ती मांडणी बसूच शकत नाही. पुढे त्याने जन्मभर अशा आकृत्या काढल्या. १९८२ साली स्वीडनने त्याच्या आकृत्यांची टपाल तिकिटं काढली. तासाला लक्ष नाही म्हणून त्याच्या शिक्षकांनी वही हिसकावून घेतली असती तर? मी तर घेतलीच असती.

दुसरी कथा इंग्लंडमधली. रॉजर पेनरोज यांनी १९५४ मध्ये अॅमस्टरडॅमला गणितज्ञांच्या परिषदेच्या वेळी डच चित्रकार एशर यांची चित्रं पाहिली. त्यातून त्यांना हा पट्ट्यांचा त्रिकोण सुचला. रॉयटर्सवार्डचं काम त्यांना माहीत नव्हतं. वडील लायनेल पेनरोज यांच्यासोबत त्यांनी १९५८ साली मानसशास्त्राच्या एका ब्रिटिश नियतकालिकात छोटासा लेख लिहिला. त्यात हा त्रिकोण होता आणि कितीही चढलं तरी पुन्हा त्याच पायरीवर आणणारा जिनाही होता. लेख एशर यांच्यापर्यंत पोचला. त्या जिन्यावरून एशर यांनी १९६० मध्ये चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांचं चित्र केलं आणि त्रिकोणावरून १९६१ मध्ये धबधब्याचं. त्या चित्रातलं पाणी खाली पडतं, पन्हळीतून वाहत वाहत पुन्हा धबधब्याच्या माथ्यावर येतं. हेच रॉजर पेनरोज २०२० साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले.

याच्याही आधी, १७५४ साली, विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने यथार्थदर्शन शिकवणाऱ्या एका पुस्तकासाठी मुद्दाम चुकांनी भरलेलं चित्र काढलं होतं. त्यात खिडकीतून वाकलेली बाई लांबच्या टेकडीवरच्या माणसाचा पाइप पेटवून देते. जवळचं-लांबचं सगळं गोंधळलेलं. म्हणजे नियम शिकवायच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच नियम मोडणारं चित्र! बघणाऱ्याने हसावं, चूक शोधावी आणि मग नियम शिकावा. पावणेतीनशे वर्षांपूर्वी एका चित्रकाराला जे सुचलं, ते बाईला २१ व्या शतकात एका मुलाने शिकवलं.

घर, गल्ली आणि गच्ची

आता ही वस्तू का बनत नाही, हे पाचवीच्या मुलाला कसं सांगायचं? मी असं सांगते.

समजा तुम्ही घराच्या दारातून निघालात. पूर्वेला दहा पावलं चाललात. मग उत्तरेला वळून दहा पावलं. मग तिथली शिडी लावली आणि तेवढंच वर चढलात. आता तुम्ही कुठे आहात? मुलं ओरडतात, "गच्चीवर!" स्वतःच्या घराच्या दारात आहात का? "नाही!"

बस्स, एवढंच आहे. त्या त्रिकोणातली पहिली पट्टी पूर्वेला जाते, दुसरी उत्तरेला, तिसरी वर. तिन्ही एकमेकींशी काटकोनात. असं गेल्यावर माणूस निघाला तिथे परत येऊच शकत नाही. पण कागदावर मात्र येतो!

कागदावर का येतो, ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आपण खोका काढतो तेव्हा एक कडा सरळ उभी आणि बाकीच्या दोन दिशा आडव्या रेषेशी ३० अंशांनी तिरक्या घेतो. या पद्धतीला आयसोमेट्रिक म्हणतात. ही पद्धत म्हणजे घनाकडे त्याच्या एका कोपऱ्यावरून समोरच्या दूरच्या कोपऱ्याच्या दिशेने बघणं. पूर्वेला दहा, उत्तरेला दहा आणि वर दहा असं गेल्यावर आपण पोचतो तो बिंदू बरोबर त्याच तिरक्या रेषेवर असतो. त्यामुळे बघणाऱ्याला दार आणि गच्ची एकाच ठिकाणी दिसतात. प्रत्यक्षात दोन्हींत केवढं अंतर, कागदावर मात्र एकच ठिपका.

ही कागदाची मर्यादा आहे. वस्तूला लांबी, रुंदी, उंची असते. कागदाला दोनच. एक मिती कुठेतरी हरवतेच. रेखाटनाचं सगळं शास्त्र त्या हरवलेल्या मितीचा हिशेब ठेवण्यासाठी आहे.

तीन बाजूंनी बघण्याची शिस्त

हा हिशेब ठेवायची एक पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये गास्पार मोंज या गणितज्ञाने पक्की केली. ते सैनिकी शाळेत किल्ल्यांच्या बांधणीचं गणित शिकवत. त्यांची पद्धत इतकी उपयोगी ठरली की कितीतरी वर्षं ती लष्करी गुपित म्हणून ठेवली गेली. आज आयटीआयमध्ये वस्तूचं समोरचं, वरचं आणि बाजूचं दृश्य काढायला शिकवतात, त्याचं मूळ तिथे आहे. समोरून जी रुंदी दिसली तीच वरूनही दिसली पाहिजे. समोरून जी उंची आहे तीच बाजूनेही आली पाहिजे. तीन साक्षीदारांची साक्ष जुळली पाहिजे.

आयसोमेट्रिकची गोष्ट तर आपल्या, शिक्षकांच्या जवळची. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश वर्गात यंत्रांच्या प्रतिकृती दाखवून शिकवत. एकाच सुट्या भागांतून वेगवेगळी यंत्रं जोडायची, तास झाला की सोडवायची. पुढच्या तासाला ती पुन्हा कशी जोडायची हे मदतनिसांना कळावं म्हणून चित्रं लागायची, आणि ती एका नजरेत समजणारी हवी होती. १८२२ मध्ये त्यांनी या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. एका शिक्षकाची शैक्षणिक साहित्याची अडचण, आणि तिच्यातून आलेली पद्धत आज जगभर वापरात आहे.

आता गंमत बघा. त्या अशक्य त्रिकोणाची समोरून, वरून आणि बाजूने अशी तीन दृश्यं काढायला मुलांना सांगा. पहिलं दृश्य कसंबसं निघतं. दुसऱ्याला मुलं डोकं खाजवतात. तिसऱ्याला कोणीतरी म्हणतंच, "बाई, जुळत नाही." एका चित्रात खपून गेलेलं खोटं तीन चित्रांत उघडं पडतं. तीन दृश्यं कशासाठी काढायची, हा प्रश्न मी पूर्वी व्याख्या सांगून शिकवायचे. मुलं पाठ करायची आणि विसरायची. अशक्य वस्तूशी एकदा झटापट झाल्यावर ते कारण मुलांना मी सांगावं लागत नाही.

एका पालकाची गोष्ट

पालकसभेत मी हे सगळं बोलले तेव्हा दोन-तीन जणांच्या चेहऱ्यावर 'बाईंना काम नाही' असा भाव होता. पण एक पालक सभा संपल्यावर थांबले. त्यांचं वेल्डिंगचं छोटं दुकान आहे. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे करतात.

त्यांच्याकडे एक गिऱ्हाईक मोबाइलवर कुंड्या ठेवायच्या स्टँडचा फोटो घेऊन आलं होतं. दिसायला सुंदर. यांनी ऑर्डर घेतली, चौकोनी पाइप आणला आणि कापायला सुरुवात केली. जोडायला घेतल्यावर कळलं की मधल्या फळीची एक पट्टी पुढच्या पायापासून निघते आणि फोटोत मागच्या पायाला मिळते, पण फळी मात्र सपाट दिसते. तो खऱ्या स्टँडचा फोटोच नव्हता, कुणीतरी संगणकावर तयार केलेलं चित्र होतं. पाइप वाया गेला, एक दिवसाची मजुरी गेली आणि गिऱ्हाइकाशी वाद झाला तो वेगळाच.

ते म्हणाले, "बाई, आमच्या उस्तादाने शिकवलं होतं, आधी जमिनीवर खडूनं समोरून काढायचं, बाजूनं काढायचं, मगच कटर हातात घ्यायचा. फोटो बघून मी ते केलंच नाही. तुम्ही पोरांना हे शिकवा."

त्यांच्या बोलण्यानंतर माझ्या मतामागे जोर आला. आपण लहान होतो तेव्हा चित्र म्हणजे कुणीतरी हाताने काढलेलं, नाहीतर खऱ्या वस्तूचा फोटो. आजच्या मुलांच्या डोळ्यांसमोर दिवसभर अशी चित्रं येतात जी दिसतात खरी, पण ज्यामागे वस्तूच नसते. अशा वेळी 'दिसतं छान, पण उभं राहील का?' असा प्रश्न ज्याला पडतो, ते मूल उद्या सुतार होवो, इंजिनिअर होवो की फक्त फर्निचर विकत घेणारं गिऱ्हाईक होवो, ते फसणार नाही.

आक्षेप आणि माझी उत्तरं

पहिला आक्षेप आमच्याच स्टाफरूममधला. "खऱ्या वस्तू धड येत नाहीत, तिथे खोट्या कशाला?" यात तथ्य आहे. क्रम महत्त्वाचा आहेच. ज्या मुलाने काडेपेटी हातात फिरवून तीन बाजूंनी काढलेली नाही, त्याला अशक्य त्रिकोण दाखवला तर ती नुसती जादू वाटेल. 'भारी आहे' म्हणून तो पुढे जाईल. नियम हातात बसल्यावरच नियम मोडल्याचं कळतं. म्हणून माझं म्हणणं खऱ्या वस्तू वगळा असं नाही, खऱ्या वस्तूंनंतर एक पाऊल पुढे टाका असं आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. "शिष्यवृत्तीचा सराव कधी घ्यायचा?" मीही चित्रकलेचा तास गणिताच्या सरावाला वापरलेला आहे, उगाच सोवळं दाखवत नाही. पण शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीतले ठोकळे मोजण्याचे आणि फाशाच्या विरुद्ध पृष्ठाचे प्रश्न आठवा. मुलं तिथेच अडखळतात. कारण त्यांनी ठोकळे कागदावर पाहिलेले असतात, मांडलेले आणि काढलेले नसतात. एका रचनेत मागे लपलेला ठोकळा आहे की नाही हे चित्रावरून ठरवता येईलच असं नाही, हे ज्याला कळलं, तो प्रश्न वाचतानाच सावध होतो. म्हणजे हा तास सरावातून गेलेला नाही, सरावातच जमा झालेला आहे.

तिसरा आक्षेप पालकांचा. "याचे मार्क किती?" प्रामाणिक उत्तर, आत्ता काहीच नाही. पण रस्ता पुढे जातो. शासकीय रेखाकला परीक्षांमध्ये, म्हणजे आपल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटमध्ये, भूमिती आणि अक्षरलेखन असतंच. आयटीआयला आरेखकाचा व्यवसाय आहे आणि फिटर-टर्नरलाही ड्रॉइंग वाचता यावंच लागतं. आयआयटी मुंबई डिझाइनच्या पदवीसाठी जी युसीड प्रवेशपरीक्षा घेते, तीत वस्तू मनात फिरवून बघण्याची क्षमता तपासतात. तिथे बारावीनंतर महागडे क्लास लावून जे शिकवतात, त्याची सुरुवात जिल्हा परिषदेच्या शाळेत काडेपेटीने होऊ शकते.

आणखी एक आक्षेप कोणी बोलून दाखवत नाही, पण मनात असतो. चित्रकला म्हणजे ज्याचा हात चांगला त्याचा विषय, असं आपण धरून चालतो. या प्रकारचं रेखाटन त्या समजुतीला तडा देतं. इथे सुंदर रंग, हुबेहूब मोर लागत नाही. पट्टी लागते, विचार लागतो. माझ्या वर्गात निसर्गचित्रात मागे राहणाऱ्या मुलांनी इथे बाजी मारली. आणि हात चांगला असलेली एक मुलगी चिडून म्हणाली, "मला हे दिसतच नाही बाई." तिलाही त्या दिवशी कळलं की बघणं शिकावं लागतं.

मी चार तासांत काय करते

ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात देते. खर्च जवळपास शून्य आहे.

पहिला तास: एकच काडेपेटी, तिची तीन दृश्यं. काडेपेटी डोळ्यासमोर आणून, एक डोळा मिटून, फक्त एक पृष्ठ दिसेल अशी धरायची. समोरचं दृश्य काढायचं, त्याच्या खाली वरचं. आपल्याकडच्या तांत्रिक रेखाटनात वरचं दृश्य खालीच काढतात. अमेरिकेत ते वर काढतात. हे सांगितलं की मुलांना कळतं की रेखाटनालाही भाषेसारखे प्रांत असतात. मग काडेपेटी अर्धी उघडून पुन्हा तीन दृश्यं. इथे खरी मजा येते.

दुसरा तास: ठिपक्यांचा कागद. विकत मिळाला नाही तर एका ओळीतले ठिपके पुढच्या ओळीत मधोमध येतील असे समभुज त्रिकोणांचे ठिपके आखून झेरॉक्स काढायच्या. त्यावर एक घन, मग दोन चिकटलेले, मग एल आकारात तीन. प्रत्येक चित्र काढल्यावर शेजाऱ्याने ते प्रत्यक्ष ठोकळ्यांनी मांडून दाखवायचं. मांडता आलं तर चित्र बरोबर. तपासणारी मी नाही, ठोकळे.

तिसरा तास: मुलांकडूनच जाड कागदाची घडण कापून, दुमडून, चिकटवून नऊ एकसारखे घन करून घ्यायचे. पाठातल्या घडणींचा उपयोग इथे झाला! आता चार घन एका रांगेत. शेवटच्या घनापासून काटकोनात वळून आणखी तीन. त्या शेवटच्या घनावर दोन घन उभे. झाले नऊ. आता उभी बाजू आपल्याजवळ आणि पहिला घन दूर राहील असं, वरून तिरकं बघायचं. मोबाइलचा कॅमेरा जरा लांब धरून झूम करायचा. एका ठिकाणी अशी वेळ येते की सगळ्यात वरचा घन आणि सगळ्यात पहिला घन चिकटलेले दिसतात आणि नऊ घनांचा बंद त्रिकोण तयार होतो. आमच्या वर्गात त्या क्षणी जो ओरडा झाला तो ऐकून शेजारच्या वर्गाचे सर धावत आले. मग त्यांनीही बघितलं. ऑस्ट्रेलियात पर्थ शहरात १९९९ पासून असंच एक १३.५ मीटर उंचीचं शिल्प उभं आहे. ठरावीक जागेवरून बघितलं की अशक्य त्रिकोण, दोन पावलं बाजूला गेलं की तीन सुट्या भुजा.

चौथा तास: आता मुलांनी स्वतः एक न बनणारी वस्तू काढायची. नियम एकच. प्रत्येक कोपरा वेगळा झाकून बघितला तर बरोबर दिसला पाहिजे. आणि चित्राखाली एका वाक्यात लिहायचं की ही वस्तू का बनणार नाही. हे वाक्य फार महत्त्वाचं. ते लिहिता आलं नाही तर मुलाने चमत्कार केला, शिकला नाही. गेल्या वेळी मुलांनी काढलेल्या वस्तूंत एक बाक होता, त्याचे पाय वर मोजले तर तीन आणि खाली मोजले तर चार. एक शिडी होती, तिचा खालचा भाग भिंतीच्या बाहेर आणि वरचा आत. बाकाखाली लिहिलं होतं, 'एक पाय हवेतून सुरू झाला म्हणून.' मला यापेक्षा चांगलं उत्तर लिहिता आलं नसतं.

जमलं तर शेवटी एशर यांचं १९५८ सालचं 'बेल्व्हेडेअर' हे चित्र मोबाइलवर दाखवा. अशक्य खांबांच्या त्या इमारतीखाली बाकावर एक जण बसलेला आहे. त्याच्या हातात एक न बनणारा घन आहे आणि पायाशी कागद पडलेला आहे. त्या कागदावर घनाची साधी रेषाकृती आहे आणि जिथे रेषा एकमेकींना छेदतात तिथे गोल केलेले आहेत. कोणती रेषा पुढची, कोणती मागची? सगळ्या गडबडीचं मूळ तिथेच आहे, आणि चित्रकाराने ते लपवलेलं नाही, गोल करून दाखवलं आहे. मुलांना ते दोन गोल शोधायला सांगा.

शेवटी थोडं

आपण शिक्षक चूक दिसली की फुली मारतो. ते आपलं कामच आहे. पण चुकीचे दोन प्रकार असतात. एक, नियम माहीत नाही म्हणून झालेली. दुसरी, नियम इतका नीट माहीत आहे की तो कुठे वाकतो हे बघण्यासाठी केलेली. दोन्हींना एकच लाल फुली देणं हा अन्याय आहे, आणि तो मी केला. फुली मारण्याआधी "हे का काढलंस?" एवढे तीन शब्द विचारायला किती वेळ लागतो?

पालकांनाही एक विनंती. मुलाच्या वहीच्या मागच्या पानांवर, समासात काय काढलंय ते एकदा रागावण्याआधी बघा. दर वेळी काही मोठं सापडेलच असं नाही. बहुतेक वेळा क्रिकेटच्या बॅटी आणि फुलंच असतील. पण बघा.

त्या मुलाच्या वहीतली फुली पुसता आली नाही, लाल शाई होती. मी तिच्या शेजारी बरोबरची खूण केली, तारीख घातली आणि सही केली. त्याने ते पान बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बाई, म्हणजे हे बरोबर आहे का चूक?"

मी म्हटलं, "तूच सांग. खाली एका वाक्यात लिही."

तो जाग्यावर जाऊन बसला आणि लिहायला लागला. चौथ्या तासाचा तो नियम तिथून आला.